नादारीचा अर्ज

वकील जुमड्यांच्या खोलीत जो कूलर चालू होता
तो माझ्याच हातचा.
मागच्या पत्र्यावरून ओळखला,
उजवीकडं झुकलेली ती एक रिव्हेट.
त्याचे पैसे मिळाले होते, रोख.
एवढ्यानंही बरं वाटलं. काहून, माहीत नाही.

मे महिना. सिव्हिल लाइन्सचे कडुनिंबसुद्धा
हप्ता थकल्यासारखे मान खाली घालून.

दोन याद्या करा, हरिदासभाऊ, ते म्हणाले.
एक, तुमच्याजवळ काय आहे.
दुसरी, तुम्ही कोणाचं काय देणं लागता.
कोर्टानं दोन्ही वाचल्या, मानल्या, की तुम्ही नादार.

नादार.
दिवाळखोर म्हटलं की कोणी रातोरात पळून गेल्यासारखं वाटतं.
हा तर नुसता
खिसे उलटे करून उभा असलेला माणूस.

बाप सांगायचा, इतवारीत पेढी बुडाली
की शेठ भरदिवसा दिवा लावून बसे.
येणारा तो दिवा पाहून समजून जाई, काही न बोलता परत फिरे.
मी दिवा कुठं लावू?
वसुलीवाली पोरगी अकराला सर म्हणते,
साडेअकराला माझ्या मायवर जाते.
तिला कोणता उजेड दिसणार?

पहिली यादी अर्ध्या पानात संपली.
पत्रा वाकवायचं मशीन, एक.
पंप, चौदा, त्यातले नऊ चालू.
न विकलेले कूलर, एकशे बारा,
दोन उन्हाळे एप्रिलभर पाऊस पडून राहिला त्याची ही रास.
आणि लोक आता हप्त्यावर एसी घेतात. घेऊ द्या.
कुंदाची पोत लिहू का, विचारलं.
ते तिचं, वकील म्हणाले, सोडा.
कुंदा म्हणाली, सोडवायचीच तर आहे, साहेब,
सोनेतारणवाल्याकडून.

दुसरी यादी भराभर झाली.
बँक, अकरा लाख चाळीस हजार.
कार्डं, दोन.
इतवारीचा पत्रेवाला, तीन लाख दहा.
ह्या सगळ्यांना माझी सही पाठ आहे.
मग पेन थांबला.

बेबीनंदाबाई. पंच्याऐंशी हजार.
कागद नाही, व्याज नाही,
कणकेचा वास लागलेल्या नोटा.

लिहिलं तर तीही बँकेसोबत रांगेत, पार मागं.
कोर्टानं तुम्हाला सोडलं की तिचंही देणं सुटलं.
नाही लिहिलं तर शपथपत्र खोटं.
जुमड्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं
जसं मी गिऱ्हाइकाला सांगतो, टाकीत पाणी भरत जा.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गेलो.
उलट्या मडक्याखाली जाळ,
आणि ती लांब पोळी हातावर घेऊन राहिली होती,
ह्या हातावरून त्या हातावर,
कोपरापर्यंत पातळ होत जाणारी कणीक
जी कधीच फाटत नाही.
मी सगळं सांगितलं. पोळी हातावर असली की ती बोलत नाही.
मडक्यावर टाकली, मग म्हणाली,

लिही ना. बेबीनंदा, एका शब्दात लिहिजो.
रेशन कार्डावर त्यांनी तोडलं होतं.

मी उठलो.
अन् हरिदास,
कोर्टानं सोडल्यावर जाशील तर याच गल्लीतून ना?
का रस्ता बदलशील?

पोळी उलटली तिनं. उत्तरासाठी थांबली नाही.
मी दोन पोळ्या घेतल्या, पैसे दिले, तिनं मोजून घेतले.

रात्री अर्ज पुरा भरला. तिचं नाव एका शब्दात.
सहीची जागा मोकळी.
भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
तिसरी यादी केली, कोर्टाला न दाखवायची.
तिच्यात एकच ओळ.

सकाळी पाहिलं तर त्या ओळीखाली
कुंदाच्या अक्षरात,
दरमहा किती?