बिघाड नोंदवही

चौथ्या सेमिस्टरला मी धबधबा काढला होता,
जर्नलच्या डाव्या, कोऱ्या पानावर, पट्टी धरून पेन्सिलीनं.
पाच चौकोन, चार बाण, सगळे खाली जाणारे.
शेवटचा चौकोन देखभालीचा.
पानाची जागा संपत आली होती, म्हणून तो बारीक काढला.
सोनकुसरे सरांनी लाल टिक केली. दहापैकी नऊ.
एक मार्क कशाचा गेला ते विचारलं नाही;
विचारायची पद्धतच नव्हती आमच्याकडे.

हिंगणा रोडवरलं कॉलेज.
मे महिन्यात लॅबमधला कूलर
गारव्यापेक्षा आवाज जास्त फेकायचा.
तीस कॉम्प्युटर, त्यातले एकोणीस चालू,
पोरं बासष्ट, आणि बासष्टांचं आउटपुट एकसारखं,
कारण ते बर्डीवरच्या एकाच झेरॉक्सवाल्याकडून आलेलं.
फायनलचा प्रोजेक्टही तिथलाच: ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली,
काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं, साडेचारशे रुपये.
आभाराच्या पानावर कुणा दुसऱ्याच्याच आईचं नाव राहून गेलेलं.
एक्स्टर्नलनं विचारलं, चालतं का?
म्हटलं, हो सर, काल चाललं होतं.

खोटं बोलणार नाही,
पॉइंटर सरांनीच शिकवले, खडूनं, घाम पुसत,
एका दुपारी, लाइट गेलेली असताना.
ते अजून पक्के आहेत.

मिहानमध्ये पहिल्या सोमवारी
कोरं पान मिळालंच नाही.
मिळाली चार लाख ओळींची, अकरा वर्षांची वस्ती,
इतवारीसारखी, बोळातून बोळ फुटलेली.
एका वळणावर पाटी: याला हात लावू नका. पी. के.
पी. के. कोण, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.
मी विचारलं, याचं डिझाइन कुठे आहे?
अन्वी पराते हसली नाही, तेवढे उपकार.
म्हणाली, "हेच आहे ते. लिहिता त सगळ्यांलेच येते,
तू वाचून दाखव."
चार वर्षं लिहीत होते मी.
परक्याचं एक पान वाचलं नव्हतं,
उतरवली मात्र पुष्कळ.

तिसऱ्या महिन्यात एक ओळ बदलली.
चुकीची नव्हती, फक्त दिसायला बरी नव्हती.
रात्री पावणेदोनला तुमसरच्या दवाखान्यातून फोन,
औषधाचं बिल निघेना.
कंपाउंडर ओरडला नाही, एवढंच बोलला,
"मॅडम, पेशंटचा पोरगा खिडकीपाशी उभा आहे."
हे वाक्य कुठल्याच युनिटमध्ये नव्हतं.
याला किती मार्क, तेही नव्हतं.

ओळ मागे घेतली. बिल निघालं.
हात थरथरत होते आणि डोळ्यांसमोर
टेकाम काका आले, आमचे लॅब अटेंडंट,
त्यांची ती दोरीनं टेबलाला बांधलेली बिघाड नोंदवही:
दि. १४. मशीन ७. बंद पडते. पंखा साफ केला.
तरी बंद. वायर बदलली. चालू.
कारण: उंदीर.
त्या उंदरावर आम्ही वर्षभर हसलो.
कुणीही त्याच्या आधीच्या चार ओळी वाचल्या नव्हत्या.

त्या रात्री टीमच्या नोंदीत मी टाइप केलं:
१.४५. तुमसर. बिल अडते. सर्व्हर पाहिला. तरी अडते.
काल बदललेली ओळ मागे घेतली. चालू.
कारण: मी.
सकाळी अन्वीनं त्याखाली काही लिहिलं नाही,
फक्त तर्री पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.

आता कॉलेजचा फॉर्म आलाय, माजी विद्यार्थ्यांसाठी.
अभ्यासक्रमानं तुम्हाला उद्योगासाठी किती तयार केलं?
पाचपैकी तारे द्या.
तीन दिले, मग दोन केले,
मग लाइट गेलेली ती दुपार आठवून परत तीन.
सूचनांच्या रकान्यात लिहायला घेतलं:
धबधब्यातला शेवटचा चौकोन मोठा काढा,
बाकीचे चार त्याच्या पोटात बसव

रकाना पन्नासच अक्षरांचा होता.