अठरा मीटरवरचा लाल

नळाला पाणी यायच्या आधी
मी सहाणेवर खोड उगाळते.
मसोंजुआनी म्हणतात आमच्या बेटावर त्याला.
पिवळसर, गार, तुरट वासाचा लेप;
काडीच्या टोकानं गालांवर ठिपके,
ठिपक्यांच्या पाकळ्या, कपाळावर एक वेल.
वाळला की कातडी जरा ओढून धरतो,
आणि मग बाजारात, धक्क्यावर, भर उन्हात
माझा चेहरा माझ्याकडे राहतो.

पाण्यात उतरायचं तर मात्र धुवावा लागतो.
मास्कच्या कडेखाली काही चालत नाही,
ना लेप, ना तेल, ना तुमची ती महागडी क्रीम.
सिलिकॉनला फक्त उघडी कातडी समजते.
हे मी रोज सांगते, फ्रेंचमध्ये, मोडक्या इटालियनमध्ये,
उरलेलं हातवारे करून:
केसांना खोबरेल लावा, नाहीतर पट्ट्यातून बट सोडवताना
डोळ्यांत पाणी येईल, आणि ते मास्कमध्येच राहील.
उन्हाला लांब बाह्यांचा सदरा घाला, मलम नको.
खाली पोवळी आहेत,
त्यांच्याकडे तोंड पुसायला टॉवेल नाही.

मादाम ओदील ओआरो, वय अडुसष्ट,
रेयुनियनहून एकट्या आलेल्या.
सगळं ऐकून घेतलं. भुवया धुऊन टाकल्या,
काढलेल्याच होत्या त्या,
आणि चेहऱ्याला आता कशाचंच नवल उरलं नाही
असं वाटलं.
मग होडीच्या कठड्याला टेकून,
माझ्या मास्कच्या काचेत बघत
ओठांना लाली लावली. ठसठशीत.
"तोंडात रेग्युलेटर जाणार आहे," मी म्हटलं.
"ठाऊक आहे मला."
आमचा नावाडी जुस्ताँ समुद्राकडे तोंड करून हसला.
मीही हसले असते;
पण नखांवर तोच रंग होता,
हात थरथरत होते,
आणि रंग एकाही नखाबाहेर गेला नव्हता.

पाच मीटरवर लाल मळतो.
दहावर विटकरी, मग नुसता तपकिरी.
अठरावर तो नसतोच.
रक्तसुद्धा खाली हिरवट दिसतं,
पाहिलंय मी, माझ्याच अंगठ्याचं.
एक कासव गेलं. त्यांनी बोट दाखवलं
आणि बोटापाशीच थांबल्या.
काळं नख.
दुसरं काळं. तिसरं.
दहाही बोटं डोळ्यांसमोर धरून
मोजल्यासारखी बघू लागल्या.
बुडबुडे भराभर.
काटा खाली सरकत चाललेला.

मी टॉर्च लावला, त्यांच्या हातांवर.

असा लाल, की मागच्या भिंतीतला स्पंजही
लाल निघाला, त्याच्या शेजारचा पंखा जांभळा,
इतका वेळ राखेची वाटणारी सगळी भिंत
सणाला बसलेली.
त्यांनी हात उलटे केले, सुलटे केले.
मी त्यांचा श्वास ऐकत राहिले.
सावकाश झाला.

वर आल्यावर कपाळावर, गालांवर मास्कचा वळ.
"हा कधी जातो, सोआझारा?"
"तुमचा? जेवणापर्यंत."
"आणि तुझा?"
माझा चौदा वर्षं झाली, गेलेला नाही.
नणंदेनं राजधानीहून क्रीम पाठवली होती,
वळ जाईल, शिवाय उजळशील, असं लिहून.
कंप्रेसरच्या खोलीत ठेवलीय ती.
जुस्ताँ दाराच्या बिजागरीला लावतो;
कुरकुर थांबलीय.

संध्याकाळी गोड्या पाण्याच्या पिंपात
सामान बुचकळताना
माउथपीसवर एक लाल कोर सापडली.
साबणानं घासली, ब्रशनं घासली.
फिकी झाली, निघाली नाही.
असला रेग्युलेटर
उद्या कुठल्या पाहुण्याला द्यायचा?

माझ्याच सिलिंडरला लावला.