खांब मोजताना

सेलूच्या सबस्टेशनपासून आमच्या घरापर्यंत
सव्वीस खांब आहेत.
अठरा वर्षं त्यांच्यावर चढलो,
मोजले कधी नव्हते.

मोजायला लागलो ते वॉकर घेऊन,
पोळा होऊन गेल्यावर, पहाटे पाचला,
माणसं उठायच्या आत,
कुणी 'बरं हाय का वायरमन?' म्हणू नये म्हणून.
पहिला खांब दारातच, तो धरत नाही.
दुसऱ्यापर्यंत गेलो आणि तिथंच
कासारांच्या ओट्यावर बसून राहिलो.
परतही यायचं असतं
हे ध्यानातच घेतलं नव्हतं.

नुसरत मॅडम परभणीहून बुधवारी यायच्या,
गुडघ्याला कोनमापक लावायच्या,
म्हणायच्या, बेचाळीस.
पुढच्या बुधवारी, त्रेचाळीस.
मी म्हणलं, मॅडम, एक अंश म्हणजे काय असतं हो?
त्या म्हणाल्या, वाकवून दाखवा.

पायाला बांधायला वजन हवं होतं.
इंदूनं माझ्या जुन्या खाकी पँटीचा पाय कापला,
अर्धा किलो तूर भरून शिवला,
वर नाडी.
सकाळी वीस, दुपारी वीस, निजताना वीस.
तूर खुळखुळायची, धाकटी आकडे म्हणायची.
माझं तोंड वाकडं झालं की
चौदानंतर एकदम सतरा.
मी मागं जाऊन पंधरा म्हणायचो.

जुन्या सवयीनं वही घातली:
तारीख, वेळ, अंश, खांब, शेरा.
सबस्टेशनात दर तासाला लोड लिहितात, तशी.
बहुतेक शेरे 'नेहमीप्रमाणे'.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत घसरलो.
पुढचे अकरा दिवस वहीत नुसतं
'पुरवठा बंद'.
कारणाचा रकाना कोरा.
भिंतीकडं तोंड करून पडून होतो.
इंदूनं ताट सरकवलं, मी ढकललं,
वरणाचा ओघळ उंबऱ्यापर्यंत गेला.
तिनं तो पुसला. मी पाहत राहिलो.

बाराव्या दिवशी उठलो ते काही जिद्दीनं नाही.
पाच वाजले होते.
पाय आधी खाली आले,
मन मागाहून.

चौकशीत सांगितलं नव्हतं, आता सांगतो:
बेल्ट गाडीच्या हँडलला लटकत होता.
लग्नाचा मांडव अंधारात, लोक खालून ओरडत होते,
लाईन तर बंदच, म्हणलं, धोका तो काय.
आणि झपाट्यानं चढणं
एवढंच तर नाव होतं माझं तालुक्यात.
त्या घाईला मी हुशारी समजत आलो.

मग एकदा सोळाव्याशी पोचलो.
तोच तो.
बुडाशी कुत्रं झोपलेलं,
वर साळुंकीनं काड्या घातलेल्या.
मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल.
दम लागला होता, एवढंच.
वहीत लिहिलं: सोळा. नेहमीप्रमाणे.

आता गुडघा एकशे अठरावर आहे,
वर्ष झालं, तिथून हलत नाही.
पंगतीत मला खुर्ची देतात.
आधी जेवण जायचं नाही त्या खुर्चीत,
आता वाढणाऱ्याला हाक मारून भाजी मागतो.
चढायचं काम सुटलं.
सबस्टेशनात बसून लोड लिहितो,
आणि फोनवर कुणी शिव्या घातल्या
तर पुऱ्या होऊ देतो, मग गाव विचारतो.

नवं पोरगं आलंय, मुंजाजी.
माझ्यासारखंच, मांजराच्या पायाचं.
जवळपास काम निघालं तर जातो त्याच्यासंगं,
तो शिडी लावतो, मी खाली.
बेल्ट?
हाय की, काका.
ओढून दाखव.
रोज विचारतो.
त्याला कंटाळा येतो, मला येत नाही.

परवा तुरीला भुंगे लागले.
इंदूनं पिशवी उसवली,
गच्चीवर ऊन दिलं, पाखडली, निवडली,
चांगली तेवढी डब्यात गेली.
संध्याकाळी पाहतो तर
खाकी पाय पुन्हा खुंटीला,
नवी तूर, या वेळी किलोभर.
अजून? म्हणलं.
ती काही बोलली नाही.
नाडीची गाठ तेवढी
ओढून पाहिली तिनं.