पाठीला खिडकी

मुहर्रकच्या गल्लीत, एसीच्या नळीखाली बादली ठेवलेलं
आमचं फ्रेमचं दुकान.
आम्ही काबाचे फोटो मढवतो, पदव्या मढवतो.
मेलेला ससाणा मढवत नाही;
एकानं आणला होता, परत पाठवला.

हेस्साबाई आल्या. ड्रायव्हरच्या हातात पत्र्याची ट्रंक,
आत उदाच्या वासात तीन जपानी चित्रं,
लाकडी ठशांवरून काढलेली.
"सासऱ्यांनी आणली, कोबेहून.
आपला मोत्यांचा धंदा बुडाला तेव्हा बघायला गेले होते
की मोती शेतासारखे पिकवतात कसे.
गलबत विकलं आणि हे कागद घेऊन आले.
सासू मरेपर्यंत बोलली नाही त्यांच्याशी."

पहिल्यात एक बाई, कपाळावर मळकट फडकं.
मी म्हटलं, हा पुरुष आहे. नाटकातला.
भादरलेलं कपाळ झाकायला रेशीम बांधत,
जांभळं होतं ते. जांभळा रंग टिकत नाही.
(एका जपानी बँकवाल्याकडून ऐकलेलं,
मी आपलं म्हणून सांगतो.)
त्या हसल्या. घाम पुसायला बतूला वर केला,
तर नाकावर, कपाळावर त्याची नीळ उतरलेली.

दुसऱ्यातला दुष्ट सरदारही तसाच,
गालांवर निळ्या रेघा ओढून
एक डोळा नाकाकडे फिरवून थबकलेला.
तो असा थबकला की म्हणे प्रेक्षकांतून कुणीतरी
घराण्याचं नाव घेऊन ओरडायचं.
दुकानात आम्ही तिघंच.
कुणी ओरडलं नाही.

गजाप्पामामा मिरजेत छापखान्यासाठी सागवानी अक्षरं कोरायचा.
नाटकाच्या जाहिरातीतलं हातभर 'आज रात्री' त्याचं.
उलटं कोरायचा. म्हणायचा,
सुलटं काय, कुणीही वाचतं.
त्याला दाखवायला हवी होती ही केसांची कड:
एकेक केस लाकडात उभा ठेवून
भोवतालचं सगळं काढून टाकलेलं.
चित्रकाराची सही आहे, तपासनिसाचा शिक्का आहे.
कोरणाऱ्याचं नाव भिंग लावून शोधलं.
मामाचंही कुठे नसायचं.
'आज रात्री'खाली मालकाचं नाव, मग तिकिटाचे दर.

चित्र पालथं केलं.
पाठीवर घासणीचे गोल वळ,
आणि पेन्सिलीनं लिहिलेली अकरा नावं, पुढे आकडे.
मुजीबला अरबी येतं, त्यानं वाचलं:
पाणबुडे. कुणाकडून किती येणं.
प्रत्येक नावावर एक आडवी रेघ.
मुजीब म्हणाला, मेले असतील.
हेस्साबाई म्हणाल्या, माफ केलं असेल.
जरा वेळानं म्हणाल्या, दोन्ही असेल.

मी गव्हाची खळ शिजवली, दोनदा गाळली.
मामा त्यात मोरचूद घालायचा, झुरळं लागू नयेत म्हणून.
या कागदाला ते चालत नाही.
वरच्या कोपऱ्यांना पातळ कागदाच्या बिजागऱ्या,
आणि पाठीच्या पुठ्ठ्यात चौकोन कापून
तिथेही काच बसवली.
तिचे तीन दिनार जास्त.
दोन घ्या, म्हणाल्या. दोन घेतले.

दारातून वळून विचारलं,
दोन्हीकडून बघायचं असेल
तर खिळा कुठे मारायचा?

आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं.