अर्धा गुण

प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब:
स्थितिज ऊर्जेचे एक उदाहरण द्या.
एक्केचाळीस पोरांनी लिहिलं, धरणातलं पाणी.
विट्यात आमच्याकडं टँकर येतो, धरण किती जणांनी पाहिलंय देव जाणे,
पण गाईडात धरण होतं, म्हणून पेपरात धरण.
तहसीन नदाफनं लिहिलं:
‘माझ्या आज्याची धनुकली. ती भिंतीला आहे.’

मी अर्धा गुण दिला.
बाजूला लाल पेनानं: तात ताणलेली हवी.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन ती टेबलाशी उभी.
‘सर, तात ढिली हाय, खरंय.
पण खुंटीला हाय की ती. खुंटी उंच हाय.
पडली तर कुणाला तरी लागंल.’
वर्ग हसला. मी हसलो नाही,
कारण उत्तर बरोबर होतं
आणि मला सुचलं नव्हतं.
बी.एस्सी. होऊन तीस वर्षं होतील.
‘बघू,’ म्हणालो.
मास्तर हरला की ‘बघू’ म्हणतो.

गादी भरायची होतीच. रविवारी
ती कॅरियरला बांधून निघालो,
मधोमध खड्डा पडलेली, माझ्याच आकाराची.
यंत्रमागांच्या गल्लीच्या टोकाला बाबालाल नदाफचं शेड,
आत पिंजायचं मशीन,
बाबालालच्या भुवया कापसानं पांढऱ्या.
बोलायचं तर ओरडायचं. बाहेर माग, ठाक-ठूक, ठाक-ठूक,
पुस्तकातली ध्वनी ऊर्जा
इथं कानात बिनभाड्यानं राहते.

मग लाईट गेली.

माग गप्प झाले, सगळे एका दमात.
मशीनचा पट्टा तेवढा आपल्याच ओढीनं
फिरत राहिला थोडा वेळ, मग तोही.
कुठंतरी एक कोंबडी ओरडत होती,
केव्हापासून ओरडत असावी.

माझी गादी अर्धी पिंजलेली.
तहसीन भिंतीकडं बघत होती, मग बापाकडं.
बाबालालनं स्टूल ओढलं, धनुकली काढली.
अकरा वर्षांची धूळ, आणि धुळीखाली
मुठीच्या जागी लाकूड झिजलेलं,
बरोब्बर आप्पालाल नदाफांच्या मुठीएवढं.
‘म्हाताऱ्यानं हिच्यावर तीन पोरी उजवल्या.’
एवढंच बोलला. तातेला पाण्याचा हात लावला,
ओढली, अंगठ्यानं छेडून पाहिली,
मोगरी उचलली.

एक ठोका.
हा आवाज माझ्या कानात शिल्लक आहे
हे मलाच माहीत नव्हतं.
कापसाचा पुंजका उठला,
पत्र्याच्या भोकातनं आलेल्या उन्हात तरंगला,
खाली यावं की नाही ठरवीत.
दुसरा ठोका.
तिसऱ्याला तात तुटली.

चाबकासारखी गेली. बाबालालच्या मनगटावर लाल वळ.
‘आतड्याची तात,’ तो म्हणाला. ‘आता कोण वळतंय.’

‘सर, गेली का मग ऊर्जा?’

नष्ट होत नाही, रूप बदलते,
मी म्हणालो. दर वर्षी म्हणतो.
पण बाबालाल मनगट चोळत होता
आणि मला विट्यातल्या गाद्या दिसायला लागल्या,
ज्यांत आप्पालालचा दंड ठोक्याठोक्यानं उतरला:
बाळंतिणीच्या, आजाऱ्याच्या, स्टँडमागच्या लॉजवरच्या,
दबलेल्या, विकलेल्या, कुणी मेल्यावर जाळलेल्या.
ती ऊब गोळा करून परत एका हातात कशी आणायची
हे सातवीच्या पुस्तकात नाही.
बी.एस्सी.ला होतं. तिथंही उत्तर
‘येत नाही’ असंच होतं.

लाईट येईना. बाबालाल चहा सांगायला गेला.
धनुकली कापसात आडवी.
मी उचलली. वाटली त्याहून जड निघाली.
स्टुलावर चढलो, गुडघे बोलले,
तरी हात उंच करून खुंटीला अडकवली.

‘म्हंजे आता परत आली,’ तहसीन म्हणाली.
‘पण सर, ही तुमची हाय.’

‘उरलेला अर्धा उद्या शाळेत,’ म्हणालो,
आणि स्टुलावरून जपून उतरलो.