क्रमांक सात

माझा आवाज आठ वर्षांचा आहे.
मी अठराचा.
पडद्यावरच्या अक्षरांकडे मी एकेक करून बघतो,
नजर थांबली की अक्षर उमटतं,
वाक्य झालं की खुर्चीमागून एक पोरगा बोलतो.
लंडनकडचा, खाऊनपिऊन सुखी,
त्याला दाढी कधीच येणार नाही.

लर्विकहून रात्रीची बोट, सकाळी अ‍ॅबर्डीन.
खालच्या मजल्यावर पिंजऱ्यांतली कुत्री लाटेगणिक रडतात.
आई माझ्या पोटावरची नळी धुते,
सकाळची औषधं मोजते, नऊ,
आणि म्हणते, उद्यापासून आपण मोठ्यांच्या दवाखान्यात.
आपण.
आपल्याला फेब्रुवारीत चार झटके आले.
आपल्याला दूध पचत नाही.
इतकी वर्षं तिने हा शब्द पाठीवर वाहिला,
आता उतरवायचा तर कुठे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मला सांगितलंय. मॉर्व्हन नर्सने.
सोळाव्या वाढदिवसाला तिने एक पिवळी फाइल दिली,
पहिलं पान कोरं.
म्हणाली, हे तू लिहायचं, आईने नाही.
त्या एका पानाला तीन महिने लागले:

मी बहिरा नाही, ओरडू नका.
झटका यायच्या आधी मला जळक्या पावाचा वास येतो.
उजव्या हातात शीर शोधत बसू नका, मिळणार नाही.
माझं एक वाक्य चाळीस सेकंदांचं असतं.
थांबा.

मुलांच्या दवाखान्यात फरशीवर मासे रंगवलेत,
निळे, वाट दाखवणारे.
डॉक्टर फार्करनी मला पावणेदोन किलोचा पाहिलाय.
आजवर गाल ओढायचे,
आज माझा वाकडा हात हातात घेऊन नीट हलवला, मोठ्या माणसाचा हलवतात तसा,
आणि म्हणाले, सर्दी झालीय मला, आणि नाक पुसलं.
जूनमध्ये.

मग लांबच लांब बोळ.
मासे एका दारापाशी संपले.
पलीकडे राखाडी फरशी
आणि आजोबांच्या वयाची खोकणारी माणसं;
त्यातल्या एकाने मला विचारलं, तू वाट चुकलास का, बाळ?

डॉक्टर इफेओमा ओबी.
फाइल चाळत त्यांनी आईला विचारलं,
याला रात्री झोप लागते का?
आईचं तोंड उघडलं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं,
अठरा वर्षं तिथेच तर असतं.
मॉर्व्हन खिडकीबाहेरच्या समुद्रपक्ष्यांकडे बघत राहिली.
आईने ओठ मिटले
आणि पर्समध्ये किल्ल्या शोधू लागली,
ज्या तिच्या हातातच होत्या.

मी पहिलं अक्षर धरलं.
बाराव्या सेकंदाला डॉक्टरांचा पेन थांबला.
विसाव्याला त्यांनी घड्याळ पाहिलं, मी ते पाहिलं,
त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं.
मग खुर्ची वळली. माझ्याकडे.
लंडनचा पोरगा बोलला:
लागते. आईला लागत नाही.

दुपारी दुसऱ्या खोलीत आवाजांची यादी.
मोठ्या माणसांचे एकवीस, आमच्या बेटांवरचा एकही नाही.
बाबा म्हणाले होते, माझा घे,
शिंपल्यांच्या बोटीत बसून हवी तितकी वाक्यं भरून देतो.
नको म्हटलं. एका घरात दोन-दोन बाबा
कोण ऐकून घेणार?
शेवटी क्रमांक सात:
जरासा बसलेला घसा,
नुकताच उठून चहा घेतलेला कोणी.
त्या पोराला पुसायचं का, असं यंत्राने विचारलं.
मी बराच वेळ 'हो'कडे बघितलं नाही.
'नाही'कडेही नाही.
तो अजून आत कुठेतरी आहे.

परतीची बोट. दिवे मालवलेले.
खाली कुत्री शांत, समुद्रही बरा.
वरच्या बर्थवरून आई म्हणाली,
एर्लंड, झोपलास का रे?

एकच शब्द होता, चटकन झाला.
नाही.

ती ताडकन उठून बसली.
कोण? कोण आहे?

थांब, सांगतो,
असं मनात म्हणालो
आणि अंधारात उजळलेल्या पडद्यावर
पहिलं अक्षर शोधू लागलो.