यमुनेचा डबा

खिंडसीला जायचं ठरलं होतं,
पण स्कूटर इतवारीतच बंद पडली.
मिस्त्री म्हणाला, "तासभर लागन, बावा."
मग भांडे ओळीत फिरलो,
कशाचीच गरज नसलेल्यांसारखे.

एका तराजूशेजारी लहानसा पितळी डबा,
झाकणावर टिंबाटिंबांत:
‘चि. सौ. कां. यमुनेस, मामाकडून, १९६८.’
"मोडीत आला जी," दुकानदार म्हणाला, "वजनावर घ्या."
नावाचं वजन किती धरलं
ते आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी वैजूनं सांबारवड्या तळल्या.
चटई तशीच गुंडाळलेली, दाराशी.
खसखस जरा जास्त झाली,
दोन फुटल्या, त्या उभ्यानंच खाल्ल्या.
उरलेल्या डब्यात.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी झाकण वाचलं,
"यमुना कोण?"
म्हटलं, "वडी घे आधी."